कोयलचा डावा गाल

चार माणसांनी मिळून तिला धरलं होतं. एकाच्या हातात गळ्यातला दोर, दोघांनी खांद्याला रेटा दिलेला, आणि आमच्या गड्याने, झामसिंगने, तिचा वरचा ओठ दोरीच्या फासात पिळून ठेवलेला. डॉक्टर बोरसेबाई मलमाची नळी उघडून डाव्या बाजूने नुसतं एक पाऊल पुढे सरकल्या, आणि घोडीने पुढचे पाय उचलून स्वतःला मागे फेकून दिलं. दोर सुटला, माणसं पांगली. तिचं डोकं दगडी हौदाच्या काठावर आपटलं, तो आवाज मला अजून ऐकू येतो. ती उठली तेव्हा अंगभर थरथरत होती, आणि मिटलेल्या डाव्या डोळ्यातून पाण्याची धार लागली होती.

"पुरे," ओट्यावरून माझे वडील, आबा, म्हणाले. "सोडा तिला."

माणसं निघून गेली. डॉक्टरांनी मानेत उजव्या बाजूने एक इंजेक्शन दिलं, ते तिने निमूट घेतलं. मग हात धुता धुता त्या म्हणाल्या की बुबुळावर जखम आहे. अजून वरवरची आहे, पण रोज तीन-चार वेळा मलम घातलं नाही तर डोळा जाणार, आणि असं रोज आडवं पाडून मलम घालता येत नाही. घोडीचा पाय तरी मोडेल नाहीतर माणसाचा.

आबांनी ते सगळं ऐकून घेतलं. "डोळा गेला तर मी तिला ठेवणार नाही," एवढंच बोलले. "आंधळी होऊन ती या अंगणात धडपडायला लागली, तर ते मला बघायचं नाही. व्यापारी येऊन घेऊन जाईल." आणि काठी टेकत आत गेले.

असल्या घोडीला कुठला व्यापारी नेतो आणि कुठे नेतो, हे तापीकाठच्या आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही.

मी तेव्हा जळगावला शाळेत शिकवत होते. दिवाळीच्या सुट्टीत माहेरी आले होते, म्हणजे आबांपाशी. आई कधीच गेलेली. आणि त्या वर्षी माझा धाकटा भाऊ दिगूही राहिला नव्हता. माघात त्याच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं होतं. घरात दोन माणसं उरली होती, आबा आणि झामसिंग, आणि गोठ्याशेजारी ही एक काळीभोर घोडी. कोयल हे नाव दिगूनेच ठेवलेलं.

आता तिची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात. आमच्याकडे घोडा घेताना दात बघायच्या आधी माणसं भोवरे बघतात. कुठला कुठे असला की घराचं भलं, कुठला कुठे असला की वाटोळं, याची सगळी उजळणी आबांना तोंडपाठ होती. त्यातला एक डोळ्याखाली असतो. त्याला आसूढाळ म्हणतात. नावातच आलं सगळं. असली घोडी ज्याच्या दारात जाईल, त्याच्या घरात रडारड होणार म्हणे. कोयलच्या डाव्या डोळ्याच्या बरोबर खाली, गालावर, रुपयाएवढा गोल भोवरा आहे.

दत्तजयंतीच्या यात्रेतल्या घोडेबाजारात दिगूने ती पाहिली आणि तो तिच्यावर लट्टू झाला. आबांनी गाल बघितला आणि तोंड फिरवलं. "ही माझ्या दारात नको," म्हणाले. दोघांचं भर बाजारात वाजलं. बघ्यांची ही गर्दी जमली. शेवटी दिगूने घोडीच्या पाठीवर थाप मारून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आबा, ही कुणालाही रडवणार नाही. माझा शब्द." आबांनी मग अडवलं नाही. घोडी घरी आली, आणि दीड महिन्यात दिगू गेला.

तो गेला तेव्हा घोडी दावणीला उभी राहून कडबा खात होती. तिचा काय संबंध? पण गाव कुणाचं तोंड धरणार? आबांनी तेव्हापासून तिच्याकडे मान वळवून बघितलं नव्हतं. आणि दिगूसाठी डोळ्यातून टिपूसही काढलं नव्हतं. अंगणात पोराला ठेवलं होतं, बाया ऊर बडवत होत्या, आणि हा माणूस खांबासारखा उभा. मला ते फार लागलं होतं. मी आठ-नऊ महिने ते मनात घेऊन फिरत होते.

डॉक्टरांना मी ही भोवऱ्याची कथा सांगितली. त्यांनी आधी विचारलं होतं की हिला या बाजूला कुणी मारलंय का. ऐकून घेतल्यावर त्यांनी पुन्हा घोडीच्या गालाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मारलेलं नाही कुणी. या गालाला जन्मापासून कुणाचा हातच लागलेला नाही."

आणि खरंच की. झामसिंग तिला दावं बांधायचा ते उजवीकडून. खरारा करायचा, तो मान आली की थांबायचा. तिच्या पहिल्या मालकानेही तेच केलं असणार. सगळं जग घोड्याला डावीकडून हाताळतं, आणि हिला सगळ्यांनी आयुष्यभर उजवीकडून. डावीकडून येणारा हात म्हणजे काय असतं, हे तिला माहीतच नव्हतं. पहिल्यांदा आला तो चार माणसं आणि ओठाला पीळ घेऊन. दिगू तिथे हात लावायला बघायचा, पण ती मान झटकायची. "येईल हळूहळू," तो म्हणायचा. त्याला हळूहळू मिळालंच नाही.

डॉक्टरांनी पुण्याच्या एका घोडेस्वारीच्या तबेल्यात एक पद्धत बघितली होती. एक आवाज ठरवायचा. छोटा, टणक, नेहमी सारखा. घोड्याने आपल्याला हवं ते केलं की त्याच क्षणी तो आवाज करायचा, आणि लगेच तोंडात खाऊ. आवाज म्हणजे घोड्याला सांगणं, की हेच, आत्ता केलंस ते. जबरदस्ती नाही, दोर नाही, ओरडणं नाही. नको वाटलं तर घोड्याने निघून जायचं. "तिला स्वतःहून गाल द्यायला शिकवा," त्या म्हणाल्या. "थोडे दिवस मी इंजेक्शनवर जखम थोपवते. फार नाही जमणार."

वर्गात पोरं चुकली की मी दोन भिंतींपलीकडे ऐकू जाईल अशी ओरडते. आणि मला म्हणे ओरडायचं नाही. पण दुसरं होतं कोण? झामसिंगने कानाला हात लावले. "ताई, मला लेकरंबाळं आहेत. बाकी सांगाल ते करीन, त्या बाजूला मी जाणार नाही." मी त्याला दोष देणार कसा? त्याने आमच्या घरात काय झालं ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

पहिल्या दिवशी मी भिजवलेल्या हरभऱ्यांचं भांडं कमरेला बांधून तिच्यासमोर उभी राहिले, आणि सोपं म्हणून जिभेने 'च्यक' असा आवाज केला. कोयल सरळ चालायला लागली, मला ढकलून पुढे. मी पुन्हा केला, ती आणखी जोरात. झामसिंग तिकडे तोंडावर पंचा धरून हसतोय. आमच्याकडे टांग्याच्या, लग्नाच्या, शेतातल्या, सगळ्या घोड्यांना जिभेच्या याच आवाजावर 'चल' म्हणतात. तिने बिचारीने शिकवलेलं ते केलं होतं. मी मात्र तिला चल चल म्हणून उभी राहा सांगत होते. डॉक्टरांना फोनवर सांगितलं तर त्याही हसल्या. म्हणाल्या, दुसऱ्या कशाचाच नसेल असा आवाज शोधा.

तेव्हा मला दिगूचा बेडूक आठवला. यात्रेत पत्र्याचे बेडूक मिळतात, पोटाची पट्टी दाबली की टक, सोडली की टक. लहानपणापासून दिगू दर यात्रेत एक घ्यायचा आणि आबा दुपारी आडवे झाले की त्यांच्या खिडकीखाली वाजवायचा. मिशा फुटल्या, लग्नाच्या मुली सांगून यायला लागल्या, तरी सोडलं नाही. आबा आतून शिव्या द्यायचे आणि हा हसत पळायचा. त्याची खोली तो गेल्यापासून मी उघडली नव्हती. त्या दिवशी उघडली. बेडूक टेबलाच्या खणात सगळ्यात वर होता, हिरव्या रंगाचा, गेल्याच यात्रेतला. मी तिथेच खाटेवर बसून पोटभर रडले, आणि मग तोंड धुऊन अंगणात गेले.

पहिल्या टक-टकलाच कोयल बिचकली. मी बेडूक पदरात गुंडाळला, आवाज जरा दबला. टक-टक, हरभरे. पुन्हा टक-टक, हरभरे. काही करायचं नाही, नुसता आवाज आणि खाऊ. थोड्या वेळाने आवाज झाला की तिचे कान माझ्याकडे वळायला लागले. आणि तेवढ्यात आतून काठीचा आवाज आला. आबा ओट्यावर उभे होते.

"तो कुठून काढलास?"

"दिगूच्या खोलीतून."

ते माझ्या मुठीकडे बघत राहिले. घोडीकडे नाही, मुठीकडे. मग आत गेले, आणि त्यांच्या खोलीची खिडकी लागल्याचं ऐकू आलं. माझ्या मनात आलं, लावा खुशाल. मी काही थांबणार नाही.

सोपं नव्हतं ते. हरभरे कमरेला आहेत हे कळल्यावर ती मलाच हुंगत सुटली. मग शिकले, की ती तोंड सरळ ठेवून उभी राहील तेव्हाच आवाज करायचा. एका काठीला डब्याचं लाल झाकण बांधलं. झाकणाला नाक लावलं की टक-टक. ते तिला इतकं आवडलं की झाकण दिसलं की स्वतःच चालत यायची. मग झाकण काढून माझा पंजा. नाक पंजाला, टक-टक. तिथवर गाडी बरी चालली. डावी बाजू आली आणि माझे नाकी नऊ आले. मी पंजा डावीकडे न्यायची, ती मान काढून घ्यायची, आणि माझा हात घाबरून नेमका तेव्हाच बेडूक दाबायचा. एक अख्खी दुपार मी तिला मान काढून घ्यायला शिकवत होते आणि वर हरभरे देत होते. लक्षात आलं तेव्हा स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरुवात. हात लांबच ठेवायचा, जिथे ती शांत असेल तिथे. तिने एक बोटभर जरी गाल इकडे केला तरी टक-टक. तिने यायचं, मी नाही जायचं.

मध्येच एकदा वर बघितलं तर आबांची खिडकी उघडी होती. झामसिंगने उघडली असेल, असं मला वाटलं.

आणि एका सकाळी तिने गाल माझ्या पंजावर टेकवला. पूर्ण भार टाकून. तो भोवरा माझ्या तळव्याखाली आला, नुसते गोल फिरलेले मऊ केस. दुसरं काय असणार? मी बेडूक दाबला, हरभरे दिले, आणि तिने खाऊन लगेच पुन्हा गाल आणून ठेवला. मी तिच्या कानात तिचं नाव घेतलं. डॉक्टर आल्या, त्यांनी मलम घातलं, ती हलली नाही. डॉक्टर म्हणाल्या, अगदी वेळेवर. पण आता रोज घाला, एक दिवसही चुकवू नका.

आणि तिथेच घोडं अडलं. गाल धरायला एक हात, बेडकाला दुसरा. मलम घालायला माणूस दुसरा लागणार. डॉक्टर रोज येऊ शकत नव्हत्या, माझी सुट्टी संपत आली होती, आणि झामसिंग त्या बाजूला येत नव्हता. एकटीने करून बघितलं, तर हाताची गडबड झाली, नळी तिच्या पापणीला लागली आणि ती दूर गेली. दुपारपर्यंत आलीच नाही. डोळा पुन्हा लाल.

संध्याकाळी मी आबांच्या खोलीत गेले. ते खाटेवर बसून चष्मा पुसत होते. मी सांगितलं की तुम्ही यायला हवं. नुसता पंजा धरायचा, बाकी मी करीन, आणि मी गेल्यावर तुम्ही पंजा धराल तर मलम झामसिंग उजवीकडून हात लांब करून घालेल म्हणालाय. ते चष्मा पुसतच राहिले. मी दोनदा विचारलं. मग माझ्या डोक्यातली शीर उठली.

"तिला हात लावायचा नसेल तर नका लावू," मी म्हटलं. "पण मग सरळ बोला, की दिगू तिच्यामुळे गेला असं तुम्हाला वाटतं. नाहीतरी तुम्ही त्याच्यासाठी डोळ्यातून टिपूस काढलं नाहीत."

त्यांनी चष्मा पुसायचा थांबवला.

"बोलून झालं?"

त्यांनी चष्मा मांडीवर ठेवला.

"त्यानं भर बाजारात शब्द दिला होता, ही कुणाला रडवणार नाही म्हणून. सगळ्यांनी ऐकलं होतं. त्याला घरी आणला तेव्हा तीच माणसं अंगणात होती, शैला. माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. मी रडलो असतो, तर घरी जाताना ती काय म्हणाली असती?"

मला ती अंगणातली माणसं पुन्हा दिसली.

"भोवरा खरा निघाला म्हणाली असती. पोरगा मूर्ख होता म्हणाली असती." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "त्याचं सगळंच गेलं. तेवढा शब्द राहिलाय. तो मी सांभाळतोय."

"आणि ती? तिच्याकडे बघतसुद्धा नाही तुम्ही."

"तिच्याजवळ गेलो तर मला ते जमायचं नाही," आबा म्हणाले.

मी दाराला धरून उभी राहिले. इतके महिने या माणसाबद्दल मी काय काय मनात आणलं होतं, आणि हा एकटा इथे बसून ते पेलत होता. खाली वाकून त्यांचे पाय धरावेत असं वाटलं, पण आमच्यात तसली रीत नव्हती. मी म्हटलं, "उद्या सकाळी मी तिला बाहेर काढते. मोकळीच ठेवते. तुम्हाला वाटलं तर या." आणि स्वयंपाकाला गेले.

सकाळी मी अंगणात गेले तर आबा आधीच तिथे होते. टोपी घातलेली, हात कोपरापर्यंत धुतलेले. झामसिंग हौदापाशी बादली धरून उभा होता आणि पाणी भरायचं विसरला होता.

"कसं करायचं ते सांग," आबा मला म्हणाले. ज्यांना विचारल्याशिवाय पंचक्रोशीत कुणी घोडा घेत नसे, ते मला विचारत होते.

मी त्यांना बेडूक दिला. पंजा कसा धरायचा ते दाखवलं, उघडा, खांद्याच्या उंचीला, आणि तिच्याकडे न्यायचा नाही. तिनं यायचं. त्यांनी डावा हात पुढे केला. कोयलने कान उभे केले. नऊ महिने रोज ज्याचा वास येत होता आणि जो कधी जवळ आला नव्हता, असा माणूस. ती दोन पावलं आली, त्यांची बोटं हुंगली, हात हुंगला, टोपी हुंगली. मग तिने मान वळवली आणि तो भोवऱ्याचा गाल त्यांच्या तळव्यावर आणून ठेवला.

आबा तसेच उभे राहिले.

"आबा, वाजवा."

त्यांनी बेडूक दाबला. टक-टक. तो आवाज त्यांनी इतकी वर्षं खिडकीच्या आतून ऐकला होता. आता तो त्यांच्याच हातात होता. मी तिला हरभरे दिले. तिने ते खाल्ले आणि पुन्हा गाल आणून ठेवला, जरा जास्तच भार टाकून, आणि डोळा मिटून उभी राहिली. आबांची हनुवटी हलायला लागली. त्यांनी ओठ आवळले, मान वर केली, आभाळाकडे बघितलं. काही उपयोग झाला नाही. चष्म्याखालून पाणी आलं आणि मिशांत गेलं, मग पुन्हा आलं, आणि थांबेना. हात मात्र त्यांनी तिच्या गालाखालून काढला नाही.

"शैला," ते म्हणाले, आवाज पार बसलेला. "ते औषध उडालं गं माझ्या डोळ्यात."

नळी माझ्या मुठीत होती. तिचं झाकणसुद्धा मी अजून काढलं नव्हतं.

"हो आबा," मी म्हटलं. "फार झोंबतं ते. चोळू नका. वाहून जाऊ दे."

हौदापाशी झामसिंगने बादली खाली ठेवली आणि पंच्याने तोंड पुसलं. "औषध इथपर्यंत उडालं, आबासाहेब," तो म्हणाला.

कोयलचा डोळा वाचला. कडेला एक पांढरा ठिपका राहिला, पण दिसायचं तिला सगळं. आबांनी तिला शेवटपर्यंत डाव्याच बाजूने दावं बांधलं. झामसिंग आता म्हातारा झालाय. पण गावात कुणी त्या घोडीचा आणि आबांचा विषय काढला की तो अजून सांगतो, घोडी गरीब होती हो, तिनं कधी कुणाला रडवलं नाही. ते मलम मात्र भयंकर होतं. लांब उभ्या माणसाच्याही डोळ्यात पाणी यायचं.